तारेपलीकडे थांबलेली गाडी

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग राजस्थानच्या वाळवंटात होती. मी हेड कॉन्स्टेबल होतो. इथे मालवणजवळच्या तोंडवलीत मला सगळे मिलिटरीवाला म्हणतात. आमचं दल म्हणजे लष्कर नव्हे, सीमा राखणारं दल. तार, गेट, गस्त, पहारा, हे आमचं काम. हा फरक समजावून सांगणं मी केव्हाच सोडलं. त्याआधी मी बंगालच्या सीमेवर होतो, ईशान्येकडच्या जंगलात होतो, जम्मूत होतो. वाळवंटातला तो माझा पहिलाच उन्हाळा.

आमच्या पोस्टजवळून रेल्वेचा रूळ जात असे. आठवड्यातून एकदा त्यावरून पाकिस्तानातून गाडी येई आणि परत जाई. स्टेशनचं आणि गाडीचं नाव इथे लिहीत नाही. ती गाडी आता बंद आहे. दोन देशांचं बिनसलं की असल्या गाड्या आधी बंद होतात.

सीमा कशी असते हे थोडं सांगावं लागेल. लोकांना वाटतं, काटेरी तार म्हणजे सीमा. तसं नाही. खरी सीमा म्हणजे वाळूत ओळीने उभे असलेले पांढरे खांब. त्याला झिरो लाइन म्हणतात. आमची तार त्या खांबांच्या बरीच आत, आपल्या बाजूला. खांब आणि तार यांच्या मधली पट्टी आपलीच जमीन, पण तारेबाहेर. तिथे कंपनी कमांडरच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. गाडीसाठी तारेत मोठं गेट होतं आणि त्याच्या बाजूला माणसापुरतं छोटं गेट. दोन्हींच्या चाव्या गेट कमांडरकडे. गाडीच्या दिवशी गेट कमांडर बहुतेक मीच असे.

गाडीची शिस्त ठरलेली होती. ती पलीकडच्या शेवटच्या स्टेशनातून सुटली की आम्हाला रेडिओवर कळे. ती खांब ओलांडी. मी गेट उघडी. उंटावरचे जवान तिच्या दोन्ही बाजूंनी स्टेशनापर्यंत चालत. डब्यांची दारं बाहेरून बंद असत. स्टेशनात पासपोर्ट आणि सामान तपासेपर्यंत कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही, खिडकीतून काही द्यायचं-घ्यायचं नाही.

गाडीतली माणसं साधी असत. लग्नाला निघालेली, मयताला निघालेली, अजमेरला निघालेली. एक बहीण इकडे, एक तिकडे. व्हिसा मिळेपर्यंत लग्न लागून गेलेलं असे, कधी मयताचं चाळिसावंही होऊन गेलेलं असे. तरी माणसं येत. मी तीस वर्षं सीमेवर काढली. सीमेवरून सगळ्यात जास्त काय जातं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, उशीर झालेली माणसं.

माझ्याबरोबर दत्ताराम राऊळ होता. कॉन्स्टेबल, वालावलचा. बटालियनमध्ये आम्ही दोघेच मालवणी मुलखातले. मी पन्नाशी ओलांडलेली, तो तिशीचा. मला तो दादानू म्हणे. मी दत्तू म्हणे. आम्ही एका ताटात जेवत असू, कारण माझ्या घरून सुका बांगडा आला की इतर जवान आमच्यापासून लांब बसत.

दत्तू बडबड्या होता. तिथल्या हवेबद्दल तो म्हणे, "दादानू, आमका सरकारान हयसर खारवल्याशिवाय वाळत घातल्यान." आपल्याकडे मे महिन्यात बसल्याजागी शर्ट भिजतो. तिथे अठ्ठेचाळीस डिग्रीत अंग कोरडं. घाम येतो, पण येताक्षणी उडून जातो. पहिल्या महिन्यात आम्हा दोघांनाही ते बरंच वाटलं. आईला फोन करून तो सांगे, "आये, हयसर ऊन आसा, पण घाम नाय. बरा आसा."

तो दारू पीत नव्हता. आम्हाला रमचा कोटा मिळे. तो आपला कोटा दुसऱ्याला देई आणि बदल्यात त्याच्याकडून रविवारची धुणी धुऊन घेई.

एकदा सामान तपासताना एका हरयाणवी जवानाने पलीकडे परत चाललेल्या बाईच्या पिशवीतून काळी, चिकट, वाळलेली सालं काढली आणि सुरुंग सापडल्यासारखी हात लांब करून धरली.

"ये क्या है?"

दत्तू हसायला लागला. "सोलां ती. त्येची कढी करतत." मग त्या बाईकडे वळून, "कोकम, ना?"

बाई कराचीची. पण मूळ घर रत्नागिरीकडचं. तिच्याकडून आम्हाला समजलं की आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांतली बरीच मुसलमान कुटुंबं फार पूर्वीपासून तिकडे आहेत. त्यांच्या घरात आपलीच भाषा बोलतात. दत्तूला त्याचं फार नवल वाटलं. पुढे प्रत्येक गाडीला तो कान देऊन ऐके.

त्या दिवशी गाडी दुपारी बाराच्या सुमारास खांब ओलांडून आली. मी गेट उघडायला किल्ली लावली होती. इंजिनाने एक लांब शिटी दिली आणि गाडी हळू होत थांबली. गेटच्या बाहेर, खांबांच्या आत. शेवटचे दोन डबे अजून पलीकडच्या बाजूला होते.

ड्रायव्हर खाली उतरला, इंजिनाखाली वाकून बघितलं आणि दोन्ही हात वर केले. मी रेडिओ घेतला.

"कंट्रोल, गेट. गाडी थांबली आहे. इंजिन फेल. ओव्हर."

"गेट, कंट्रोल. वेट. आऊट."

गेटवर आम्ही चौघे होतो. मी, दत्तू, टॉवरवरचा संत्री आणि एक उंटवाला जवान. उंटवाल्याला मी निरोप देऊन स्टेशनावर पाठवलं. कंपनी कमांडर तिथे होते.

दुसरं इंजिन कुणाचं आणायचं, हा प्रश्न होता. त्यांचं इंजिन मागून ढकलणार, तर ते आमच्या हद्दीत येणार. आमचं इंजिन पुढून ओढणार, तर ते तारेबाहेर जाणार. दोन्हीला वरून परवानगी हवी. वर म्हणजे किती वर, हे आम्हाला कळायचं कारण नव्हतं. पलीकडे खांबाजवळ त्यांचा संत्री उभा होता. त्याच्याही कानाला रेडिओ होता. त्यालाही बहुधा वेट असंच सांगितलेलं असावं.

तासाभराने डब्यांतले पंखे बंद पडले. लोखंडी डबे, बंद दारं, वर दुपारचं ऊन. खिडक्यांच्या गजांतून हात बाहेर आले. आधी माणसं हाका मारत होती. मग लहान मुलांचं रडणं ऐकू यायला लागलं. मग बाटल्या बाहेर आल्या, रिकाम्या, उलट्या धरलेल्या.

"कंट्रोल, गेट. पॅसेंजरकडचं पाणी संपलं आहे. पाणी द्यायची परवानगी हवी. ओव्हर."

"गेट, निगेटिव्ह. गेटच्या बाहेर कोणी जाणार नाही. क्लिअरन्सची वाट बघा. ओव्हर."

"लहान मुलं आहेत. ओव्हर."

"रॉजर. वेट. आऊट."

आमच्या गेटजवळ पाण्याचा टँकर उभा होता. भरलेला. जवानांसाठी आणि उंटांसाठी. तिथून पहिल्या डब्यापर्यंतचं अंतर म्हणजे आमच्या घरापासून समुद्राची वाळू लागते तेवढं, दोन मिनिटांचं. गाडीतली माणसं टँकरकडे बघत होती.

तेवढ्यात दुसऱ्या डब्यातून एका म्हातारीचा आवाज आला. ती कुणाला तरी दटावत होती.

"गप रव रे. बोंबलून अंगातला पाणी सपता. येतला पाणी, येतला."

दत्तूने माझ्याकडे बघितलं. "दादानू, आयकलास? आपल्याकडची आसा."

"आयकलंय."

"येतला म्हणता ती. खंयसून येतला?"

त्याने टँकरच्या नळाला हात लावला. "दोन कॅन दितंय आणि येतंय. टॉवरवरसून दिसता सगळा. कोन काय म्हणतला?"

मी रेडिओकडे बघितलं. मग छोट्या गेटला किल्ली लावली, कडी काढली आणि त्याला म्हटलं, "जा. मी बघतंय."

हे वाक्य मी बोललो. ते मी नंतर नाकारलं. म्हणून इथे जसंच्या तसं लिहितो आहे.

त्याने वीस लिटरचे दोन जेरीकॅन भरले आणि गेला. वाळूत बूट रुतत होते. तो खिडकीखिडकीशी थांबून बाटल्या भरत होता, तांब्यांत ओतत होता, ओंजळीत ओतत होता. पलीकडचा संत्री बघत होता. त्याने बंदूक हलवली नाही. थोड्या वेळाने त्यांच्या बाजूनेही एक माणूस बादली घेऊन शेवटच्या डब्यांकडे आला.

दत्तू परत आला तो हसत. "म्हातारी इचारता, तू खंयचो? मी सांगितलंय, वालावलचो. म्हणता, ल्हान असताना वालावलच्या जत्रेक आमी होडयेन येवं. मालवणच्या बंदरातली ती. भयणीक बघूक चालली."

"बस जरा."

"बसतंय कसो? चार डबे ऱ्हवले."

तो पुन्हा गेला. पुन्हा आला. सकाळी सहापासून तो ड्युटीवर होता, अंगात पूर्ण वर्दी. तिसऱ्या खेपेहून तो आला तेव्हा त्याचा चेहरा लाल होता. मी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. गरम होतं, पण कोरडं.

मला हायसं वाटलं.

हे समजावून सांगणं कठीण आहे. उष्माघाताची लक्षणं आम्हाला शिकवली होती. घाम थांबला की माणूस धोक्यात, हे मी स्वतः इतर जवानांना वाचून दाखवलं होतं. डोक्याला ते ठाऊक होतं. हाताला नव्हतं. माझा हात तोंडवलीचा. लहानपणापासून या हाताने ऊन ओळखलं ते घामावरून. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून, जाळं ओढताना ज्याला दरदरून घाम फुटला त्याला आम्ही सावलीत बसवायचो, आणि ज्याचं अंग कोरडं तो अजून ओढू शकतो, असं समजायचो. कोरड्या कपाळाला हात लावून मी म्हटलं, "घाम नाय तुका. बरो आसस."

दत्तू माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "दादानू, तर सुटली?"

तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. वालावलला खाडी आहे. मला वाटलं, म्हातारीच्या होडीवरून त्याला काही गंमत सुचली आहे. मीही हसून म्हटलं, "थांबलीहा तुझ्यासाठी. धाव."

त्याने कॅन उचलले. पहिल्या पावलाला तो कलला. मला वाटलं, ओझ्याने. पुढे तो सरळ न जाता रुळाच्या डाव्या अंगाला वाहवत गेला आणि गेट व गाडीच्या मध्यावर गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला. एका कॅनचं झाकण निघालं. पाणी वाळूत गेलं.

खिडक्यांतून आरडाओरडा झाला. म्हातारीचा आवाज त्यात स्पष्ट होता. "पडलो रे तो. उचला त्याका. अरे, उभो काय रवलास?"

मी रेडिओ उचलला.

"कंट्रोल, गेट. माझा एक माणूस बाहेर पडला आहे. बेशुद्ध. आणायला जायची परवानगी हवी. ओव्हर."

"गेट, बाहेर? बाहेर कसा? ओव्हर."

मी उत्तर दिलं नाही.

"गेट, कंट्रोल. तुमचा माणूस बाहेर कसा गेला? ओव्हर."

"पाणी घेऊन गेला. ओव्हर."

"कोणाच्या ऑर्डरने? ओव्हर."

मी छोट्या गेटच्या कडीकडे बघितलं. मग आवाज आला, "वेट."

मी वेट केलं. छोटं गेट उघडं होतं. त्याला जाऊ देताना मी परवानगी मागितली नव्हती. त्याला आणायला मात्र परवानगीची वाट बघत मी गेटला धरून उभा राहिलो. कारण आता वरच्यांना कळलं होतं. नोकरीत मी प्रत्येक गोष्टीला घड्याळ बघत आलो. त्या वेळी बघितलं नाही. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. टॉवरवरचा संत्री ओरडला, "उस्ताद, मैं उतरूं?" त्यालाही मी हाताने थांब म्हटलं.

परवानगी आली. मी धावलो. त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा तव्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं. गेटच्या आत आणून आम्ही त्याचे कपडे काढले, टँकरचा नळ त्याच्यावर सोडला. तो टँकर पूर्ण वेळ तिथेच होता. स्टेशनावरून जीप आली. नर्सिंग असिस्टंटने त्याच्या काखेत हात घातला आणि मला विचारलं, "पसीना कब बंद हुआ?"

मी म्हटलं, "मालूम नहीं."

दत्तू दवाखान्याच्या वाटेवरच गेला. मी गेटवर होतो. मला रेडिओवर कळलं.

संध्याकाळी परवानगी मिळाली. आमच्या इंजिनाने गाडी ओढून स्टेशनात नेली. मी गेट बंद करून रिपोर्ट द्यायला स्टेशनावर गेलो. माणसं पासपोर्टच्या रांगेत बसली होती. एका म्हातारीने माझ्या छातीवरचं नाव वाचलं.

"परब? खंयचो रे तू?"

"तोंडवलीचो."

"आमच्या शेजारचोच की मगे. तो पाणी हाडणारो खंय गेलो? तो वालावलचो. बरो आसा मा?"

तिच्या हातात पासपोर्ट होता. ओठांना चिरा पडल्या होत्या. तिला पुढे जोधपूर, तिथून मुंबई, तिथून मालवण गाठायचं होतं.

"ड्युटीवर आसा," मी म्हटलं.

"त्याका सांग, हलिमान सलाम सांगितल्यान. माझ्या भयणीकडे गेलंय की त्याच्या आवशीक निरोप धाडतंय, तुझो झील बरो आसा म्हणान."

मी मान हलवली. तिला थांबवलं नाही. मुलगा बरा आहे, हा निरोप तिने त्याच्या आईला पाठवला की नाही, पाठवला असेल तर तो वालावलला कधी पोचला, हे मला आजपर्यंत विचारायचं धाडस झालेलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तीन अधिकारी होते. माझी बढती जवळ आली होती. गेटबाहेर कोणी जाणार नाही, हा हुकूम रेडिओवर सगळ्यांनी ऐकला होता. मला विचारलं, छोटं गेट कोणी उघडलं? मी सांगितलं, मी रेडिओवर होतो, किल्ली कुलपालाच होती, तो आपण होऊन गेला. टॉवरवरच्या संत्र्याला वरून बोलणं ऐकू गेलं नव्हतं, आणि मी कडी काढली तेव्हा तो गाडीकडे बघत होता.

"जाताना त्याची अवस्था कशी होती?"

"तिसऱ्या खेपेनंतर झोकांड्या जात होत्या, सर. बोलणं असंबद्ध होतं."

"काय बोलला?"

"होडी सुटली का, असं काहीतरी."

अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. घटनेच्या आदल्या दिवशी एका जवानाचा निरोपसमारंभ झाला होता, त्यात रम वाटली होती. एकाने विचारलं, "प्यायला होता का?"

इथे मला फक्त नाही म्हणायचं होतं. त्याचं तर सोडाच, त्याच्या घरात कुणी कधी प्यायलेलं नव्हतं. पण मग शुद्धीतला माणूस हुकूम मोडून आपण होऊन गेला कसा, हा पुढचा प्रश्न मला आला असता. मी म्हटलं, "सांगता येत नाही, सर."

शवविच्छेदनात कारण उष्माघात निघालं; रक्तातली दारू कुणी तपासली नाही. चौकशीचा निष्कर्ष निघाला: हुकूम मोडून गेला, ड्युटीची जागा सोडली, मद्यपानाची शक्यता नाकारता येत नाही. त्यामुळे तो ड्युटीवर असताना गेला, असं धरलं नाही. बटालियनच्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव कोरलं नाही. शव घरी गेलं ते नुसतं गेलं, सलामी नाही. शवाबरोबर जायला दोन जवान हवे होते. मी नाव दिलं नाही.

मला बढती मिळाली. सब-इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालो. गावी आलो. मुलाने घराच्या मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. त्यांना मी संध्याकाळी सीमेवरच्या गोष्टी सांगतो. उंट, वाळू, साप. ती गाडी मी कधी सांगितली नाही.

मागच्या वर्षी कुडाळच्या बाजारात एका रिक्षावाल्याशी बोलत होतो. तो वालावलचा निघाला. मी सहज विचारावं तसं विचारलं, "थंय एक राऊळ होतो ना, फौजेत गेल्लो?"

"खंयचो? तो सोरो पिवन मेलो तो?"

त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. गावात दोन राऊळ असले की ओळख पटायला काहीतरी खूण लागते. दत्तूची खूण ही होती. त्याला ओळखणाऱ्या सगळ्या जगात तो दारू पिऊन मेलेला होता. ते वाक्य माझ्या एका वाक्यातून निघालेलं होतं.

मी दलाच्या मुख्यालयाला लिहिलं. सगळं खरं लिहिलं, मला शिक्षा करा असंही लिहिलं. उत्तर आलं. प्रकरण बंद झालेलं आहे, संबंधित साक्षीदाराची साक्ष रेकॉर्डवर आहे आणि ती बदलण्याची तरतूद नाही. संबंधित साक्षीदार म्हणजे मीच. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच आलं. सत्तराव्या वर्षी मला कळलं की मी बोललेलं खोटं आता माझ्याही हातात राहिलेलं नाही.

या मार्चमध्ये मी वालावलला गेलो. कुडाळहून एसटी, पुढे पायी. दत्तूची आई कधीच गेली. घरी त्याची बायको सुलभा होती. अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती.

"कोण ओ तुमी?"

"परब. तोंडवलीचो. दत्तूच्या बटालियनमधलो."

तिने हात थांबवला नाही. "बसा," म्हणाली. मग आत जाऊन गूळ आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. ऊन लागलं होतं. मी तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायलो आणि मग सांगायला सुरुवात केली. इथे जे लिहिलं ते सगळं सांगितलं. ती बिया उलटत राहिली.

"जावक तुमी सांगितलास?"

"होय."

"आनी मगे सांगितलास, तो आपणच गेलो."

"होय."

"आनी सोऱ्याचा?"

"मी म्हटलंय, सांगता येत नाय."

"एका ताटात जेवत होतास मा तुमी? माका फोनार सांगी. परबदादा आनी मी." ती माझ्याकडे बघायला लागली. "मगे कशाक सांगूक येय नाय?"



"माझे सासरे मरासर देवळाच्या मंडपात बसाक नाय," ती म्हणाली. "जत्रेक भायली लोकां येत, इचारीत, झिलाचा काय झाला. ते उठान घराक येत. मगे जत्रेच्या दिवशी घरातच बसाक लागले. बोलले नाय कधी. त्यांका खराच वाटला असतला, काय म्हायत? सरकारान लिवलेला."

"मी तुझी माफी..."

"त्या ऱ्हवांदे."

तिने एक मूठ बिया उलटल्या. मग तिने विचारलं, "तो पाणी प्यालो काय?"

मला कळलं नाही. "कधी?"

"त्या दिसा. इतक्या जणांका पाणी व्हरत होतो. आपण प्यालो काय?"

तीन अधिकाऱ्यांनी मला दोन दिवस प्रश्न विचारले होते. किल्ली कुठे होती, किती खेपा झाल्या, पलीकडचा संत्री काय करत होता, रेडिओवर कोण काय बोललं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. मी आठवून बघितलं. तो टँकरच्या नळाशी वाकलेला, कॅन भरताना. पहिल्या खेपेला मी बाटली पुढे केली होती. त्याने हात हलवला होता. तिकडे ती बघत आहेत, त्यांच्यासमोर कसा पिऊ, असं म्हणाला होता.

"नाय," मी म्हटलं.

सुलभाने माझ्यासमोरचा रिकामा तांब्या उचलला आणि आत गेली. मला वाटलं, आता ती बाहेर येणार नाही. मी उठलो. ती दारात आली.

"सरकार बदलूचा नाय, तर नको. पण तुमी लिवा. हाफिसाक नको. हयल्या लोकांनी वाचूक होया असा लिवा. नाव घालून लिवा."

म्हणून हे लिहिलं. बटालियनच्या दगडावर जे नाव नाही ते इथे असू दे. कॉन्स्टेबल दत्ताराम राऊळ, राहणार वालावल, तालुका कुडाळ. त्या दुपारी तो माझ्या हुकमाने गेटबाहेर गेला. गेला तेव्हा तो ड्युटीवर होता. तो दारू प्यायलेला नव्हता. पाणीसुद्धा प्यायलेला नव्हता.